साधन आणि विचार

बोलणाऱ्याच्या शब्दांना चित्रांची जोड मिळाली, म्हणजे अवघड विषयही सुगम होतो. याच हेतूने १९८७ साली अमेरिकेत ‘पॉवरपॉइंट’ ही संगणकप्रणाली बाजारात आली. आता अशा प्रणालींनी अक्षरे, चित्रे, ध्वनी आणि हलती दृश्ये एकत्र गुंफून पडद्यावर दाखविता येतात.

परंतु साधन कितीही उत्तम असले, तरी ते विचाराची जागा घेऊ शकत नाही. २००३ च्या जानेवारीत ‘कोलंबिया’ या अवकाशयानाच्या उड्डाणाच्या वेळी फेसाचा एक तुकडा निखळून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. अभियंत्यांनी त्याविषयीचे निष्कर्ष पॉवरपॉइंटच्या स्लाइडांवर मांडले. तो तुकडा पूर्वीच्या चाचण्यांतील तुकड्यांपेक्षा शेकडो पटींनी मोठा होता; पण ही गोष्ट स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत राहिली. वरचा मथळा मात्र धीर देणारा होता. १ फेब्रुवारी रोजी परतीच्या वाटेवर, त्याच आघातामुळे यान भंगले आणि कर्नालची कन्या कल्पना चावला हिच्यासह ७ अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या मांडणीवरही बोट ठेवले.

हा दोष साधनाचा नव्हे, ते वापरण्याच्या रीतीचा होय. म्हणून पडद्यावर रंग भरण्यापूर्वी काय सांगावयाचे, हे मनात स्पष्ट असावे. आणि जे सर्वांत महत्त्वाचे, ते सर्वांत ठळक असावे. रंगीत पडद्यावर श्रोते क्षणभर रमतील. पण सत्य त्यांच्या मनापर्यंत पोहोचविणे, हेच बोलणाऱ्याचे खरे कर्तव्य होय.