आधी जागा द्या, मग मर्यादा घाला

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी आमच्या वसईतील इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील गृहस्थ सकाळीच दारात येऊन उभे राहिले. चेहरा ओढलेला, डोळ्यांत झोप नसलेली. चहाला नको म्हणाले आणि थेट मुद्द्यावर आले. "काका, महामार्गाच्या पलीकडे तुमच्या ओळखीचं एखादं शेतघर आहे का? मोतीला तिकडे सोडावं म्हणतो."

मोती म्हणजे त्यांच्या घरी तीन महिन्यांपूर्वी आलेले लॅब्रॅडॉर जातीचे पिल्लू. कन्येच्या हट्टापायी आणलेले. त्या वेळी अख्ख्या जिन्याने त्याचे कौतुक केले होते. आता ते पाच महिन्यांचे झाले होते आणि आदल्या दिवशी घरात कोणी नसताना त्याने नव्या सोफ्याची एक बाजू पार उसवून टाकली होती. सोफ्याचे हप्ते अजून फिटायचे होते. घरात त्यावरून भांडण झाले, मुलगी रडून जेवली नाही आणि शेवटी निर्णय झाला तो कुत्र्याच्या हद्दपारीचा.

प्रसंग किरकोळ आहे. परंतु गेली काही वर्षे अशाच तक्रारी वसईपासून विरारपर्यंत इतक्या घरांतून कानावर येत आहेत, की त्यांचा विचार केवळ करमणुकीच्या अंगाने करून भागणार नाही. पु. ल. देशपांडे यांनी ‘पाळीव प्राणी’ या लेखात या विषयाकडे विनोदी दृष्टीने पाहिले आणि आपण सारे पोट धरून हसलो. मात्र त्या हसण्याच्या पलीकडे एक प्रश्न उरतोच. घरात आणलेल्या मुक्या जिवाने घराचे नियम मोडले, तर चूक कोणाची?

घर बदलले, प्राणी तोच राहिला

वसईचे जुने घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना एक गोष्ट आठवेल. त्या घरात प्रत्येकाची जागा ठरलेली असे. कुत्रा ओटीवर किंवा पडवीत, मांजर चुलीच्या उबेला, गाय गोठ्यात. पुढे केळीची आणि पानवेलींची वाडी, विहीर, गावचे बावखल. कुत्रा माजघरात येत नसे. पण त्याला तसे रोज ओरडून सांगावे लागत नव्हते. त्याला स्वतःचा ओटा होता, राखायला वाडी होती, धावायला आळी होती. जमिनीवर बसणाऱ्या त्या घरात गादी घातलेले आसन नव्हतेच म्हटले तरी चालेल. मग त्यावर चढणार कोण?

१९९० साली सिडकोकडे या परिसराचे नियोजन सोपवले गेले, त्यानंतर येथील वाड्यांच्या जागी इमारतींची दाटी वाढत गेली. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व लगतची गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या पुढे गेलेली होती. या वाढीत ओटी गेली, पडवी गेली, परसदारही गेले. उरली ती एक बैठकीची खोली, आणि त्या खोलीची निम्मी जागा व्यापून बसलेला सोफा. त्या घरात बसण्यासारखी, उबेची, घरच्या माणसांचा वास असलेली जागा कोणती, असे एखाद्या प्राण्याला विचारले, तर तो सोफ्याकडेच बोट दाखवील. आपण त्याला दुसरी जागा दिलीच कोठे आहे?

त्यात आपला दिनक्रम. विरारहून चर्चगेट सुमारे साठ किलोमीटर. सकाळी सातची गाडी पकडणारा मनुष्य रात्री आठच्या आत क्वचितच घरी पोहोचतो. पती-पत्नी दोघेही नोकरीला, मूल शाळेत आणि नंतर शिकवणीला. ज्या प्राण्याचा पिंडच कळपात राहण्याचा आहे, तो दहा-दहा तास बंद दाराआड एकटा बसतो. पावसाळ्यात तर सखल भागांत पाणी साचले की सकाळ-संध्याकाळचे फिरणेही बंद. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या थांबल्या, तेव्हा आपण घरात अडकून किती चिडचिडे झालो होतो, हे आठवून पाहावे. त्या कोंडीला तो प्राणी दररोज सामोरा जात असतो.

ती खोडी नव्हे, गरज आहे

आपण ज्याला खोडी म्हणतो ती बहुतेक वेळा प्राण्याची शरीरधर्मातून आलेली गरज असते. कुत्र्याच्या पिल्लाला अठ्ठावीस दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि त्यांच्या जागी बेचाळीस पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चावल्याखेरीज त्याला चैन पडत नाही. मोतीचे वय नेमके तेच. शिवाय लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांना मदत करणारे. वस्तू तोंडात धरून आणणे हे त्यांच्या कुळाचेच काम. ते कुळाचार विसरले नाहीत, आपण मात्र ते जाणून न घेताच त्यांना घरी आणले.

मांजराचेही तसेच. मांजर सोफा ओरबाडते ते सूड म्हणून नव्हे. ओरबाडल्याने नखांवरचे जुने आवरण निघून जाते, पाठीचे व पायांचे स्नायू ताणले जातात आणि पंजातील ग्रंथींचा गंध त्या जागी राहतो. "ही माझी जागा" असे सांगण्याची ती मांजराची रीत आहे. आमच्या घरातील ठकीने पहिल्या वर्षी वेताच्या दोन खुर्च्या कामातून घालवल्या. आम्ही तिला हाकलले की ती रात्री येऊन तेच करी. अखेर जुन्या पाटाला गोणपाट घट्ट गुंडाळून तो त्या खुर्चीशेजारीच भिंतीला उभा बांधला, तेव्हा आठवडाभरात तिने खुर्ची सोडली. पाट पुरेसा उंच असावा आणि ओढला असता हलू नये, एवढेच पथ्य. तो दूरच्या कोपऱ्यात ठेवला असता तर तिने त्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. सवय लागल्यावर तो रोज थोडा थोडा सरकवत नेता येतो.

शिक्षा म्हणजे शिस्त नव्हे

घरी परतल्यावर फाटलेली उशी दाखवून कुत्र्याला मारणारे अनेक आहेत. "बघा, कसा चोरासारखा पाहतो आहे, त्याला कळतं काय केलं ते!" असे ते म्हणतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये या समजुतीची परीक्षा घेतली. तिला असे आढळले, की ते ‘अपराधी’ तोंड कुत्र्याने प्रत्यक्ष चूक केली आहे की नाही यावर अवलंबून नसते. मालक रागावतो की नाही यावर असते. म्हणजे तो पश्चात्ताप नव्हे, ते भय आहे. चार तासांपूर्वीच्या कृत्याचा आणि आताच्या फटक्याचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढेच कळते, की मालक घरी आला की मार बसतो.

मग करावे काय? प्रथम, त्याची जागा ठरवावी. गॅलरीच्या उन्हापावसात नव्हे, तर माणसे बसतात त्याच खोलीत, एखादी जुनी गोधडी घालून. तो आपणहून तेथे बसला की शाबासकी आणि चपातीचा लहानसा तुकडा द्यावा. सोफ्यावर चढला तर एकच शब्द, "खाली", तोही शांतपणे. आणि उतरताक्षणी पुन्हा शाबासकी. दुसरे, घरातील सर्वांचा नियम एकच असावा. वडिलांनी उतरवायचे आणि आजीने रात्रीच्या मालिकेच्या वेळी मांडीवर घ्यायचे, हे चालणार नाही. कधी मिळते, कधी मिळत नाही अशा लाभाची सवय सर्वांत चिवट असते, हे वर्तनशास्त्राने सिद्ध केले आहे. सोफ्यावर बसू द्यावे की नाही हा ज्याच्या-त्याच्या घराचा प्रश्न. पण आज होय आणि उद्या नाही, हा अन्याय आहे. तिसरे, बाहेर पडण्यापूर्वी त्याला भरपूर चालवून, हुंगू देऊन आणावे. त्याचे खाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून ठेवले, तर शोधण्यात त्याचा वेळ जातो आणि बुद्धीलाही काम मिळते.

काही उपाय मात्र कटाक्षाने टाळावेत. सोफ्याखाली डांबराच्या गोळ्या ठेवण्याची सूचना हमखास कोणीतरी करतो. त्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. फिनेलचा मारा मांजराला बाधतो. तिखटपूड पसरणे हा तर शुद्ध निर्दयपणा. आणि घरातील पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराच्या जिवावर बेतू शकते, तेव्हा औषधाचे प्रयोग पशुवैद्याला विचारल्याखेरीज करू नयेत.

सोडून देणे हा पर्याय नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. "शेतघरी सोडू" या शब्दांमागे बहुधा शेतघर नसतेच. असतो तो रस्त्याचा कडेला थांबलेल्या गाडीचा उघडा दरवाजा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. दीर्घकाळ साखळीने जखडून ठेवणे हाही गुन्हाच. या कायद्यातील पहिल्या अपराधाचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! सोफ्याच्या एका उशीचा अभ्रादेखील त्यात येत नाही. अर्थात येथे कायद्याच्या धाकाने फारसे काही साधणार नाही. जे साधायचे ते संस्कारानेच.

आणि तो संस्कार आपल्याकडे आहे. गृहस्थाने नित्य करावयाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे; जेवण्यापूर्वी कुत्र्या-कावळ्यांचा वाटा काढून ठेवण्याची रीत त्यातलीच. श्रीदत्तांच्या पायाशी श्वान आहेत आणि षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी पोहोचतो तेव्हा इंद्र त्याला सोबतचा कुत्रा मागे ठेवायला सांगतो. युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो; पण विश्वासाने मागे आलेल्याला टाकत नाही. तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्मच होता, हे त्याला नंतर कळते. कथा आपण मुलांना सांगतो. परंतु ज्या मुलीला ही कथा सांगितली तिच्याच डोळ्यांदेखत सोफ्यासाठी कुत्रा बाहेर काढला, तर तिच्या मनावर संस्कार कोणता होईल? जो निरुपयोगी झाला, त्रासदायक झाला, त्याला दूर करावे, हाच ना? हा धडा ती पुढे केवळ प्राण्यांपुरताच लागू करील, याची हमी कोण देणार?

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. प्रत्येक घराने प्राणी पाळलाच पाहिजे असे मुळीच नाही. ज्या घरात दिवसभर कोणी नाही, ज्येष्ठांना दम्याचा त्रास आहे, त्या घराने मोह आवरावा. तीही भूतदयाच होय. ज्यांना पाळायचेच आहे त्यांनी हजारो रुपयांच्या परदेशी जातीमागे न लागता आळीतील देशी पिल्लाचा विचार करावा. आपल्या दमट हवेला ते सरावलेले असते. आणि पाळणाऱ्याने शेजाऱ्यांनाही विसरू नये. लसीकरण, उद्वाहनात व जिन्यात साखळी, केलेली घाण स्वतः उचलणे, ही कर्तव्ये आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. परंतु हक्काचे कागद दाखवून शेजार जिंकता येत नाही. तो वागणुकीनेच जिंकावा लागतो.

त्या रविवारी चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना मी शेतघराचा पत्ता दिला नाही. दुसऱ्या मजल्यावरील निवृत्त आजोबांकडे मात्र घेऊन गेलो. मुले परदेशी, घरात दोघेच. "दुपारी बाराला किल्ली माझ्याकडे द्या," एवढेच ते म्हणाले. आता दुपारी तासभर मोती आणि आजोबा आवारात फिरतात. सोफ्याच्या उसवलेल्या बाजूवर एक वाकळ आली आहे. मोतीने त्यानंतर एक चप्पल आणि एका वहीचे पुठ्ठे फस्त केले, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. पण हद्दपारीची भाषा पुन्हा निघालेली नाही. आजींच्या म्हणण्याप्रमाणे आजोबांचे गुडघेही आता कमी कुरकुरतात.

घराला ओटी परत आणता येणार नाही. पण ओटीमागचा विचार परत आणता येईल. प्रत्येक जिवाला आधी त्याची जागा द्यायची आणि मगच त्याला मर्यादा घालायची. जागा न देता घातलेली मर्यादा हा केवळ जुलूम असतो. हे सूत्र ज्या घराने मुक्या प्राण्याच्या बाबतीत पाळले, त्या घरात माणसांनाही आपापली जागा मिळाल्यावाचून राहणार नाही.