हॉकी लीग परतली, पण महाराष्ट्राच्या फॉरवर्डला काय मिळालं?

सात वर्षांच्या खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली. लिलावात फॉरवर्ड अभिषेकवर ७२ लाखांची बोली लागली. पण पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. २०१७ च्या हंगामात मात्र दबंग मुंबई अंतिम फेरीत पोहोचली होती.

याने फरक काय पडतो? फॉरवर्डचा खेळ वेगावर चालतो, त्यामुळे कमाईची वर्षं मोजकीच असतात. लीग बंद राहिली, तर ती वर्षं परत मिळत नाहीत.

खडकीचे धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक खेळले. मुंबईत महिंद्राच्या संघाकडून ते पुढे आले. पण क्लब हॉकीसाठी त्यांना लंडन, ल्यों, स्टुटगार्ट आणि ढाका गाठावं लागलं. पुढे मुंबईचा युवराज वाल्मीकीही जर्मनीत खेळला.

राज्याचा संघ नसला तरी खेळाडूला लिलावात उतरता येतं. पण लीग ही शेवटची पायरी आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावातल्या मुलाला त्याआधी शाळेत स्टिक, सरावाला टर्फ आणि पुढे नोकरी देणारा संघ लागतो. लिलावाचा आकडा त्यानंतरचा.