डाव्या हाताची संगत

माझ्या थोरल्या बंधूंना, अण्णांना, दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. इजा मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात होती, म्हणून शरीराची डावी बाजू लुळी पडली. बहुतेक माणसांत भाषेचे केंद्र डाव्या भागात असते. त्यामुळे वाचा शाबूत राहिली. पाय सहा महिन्यांत बराचसा चालता झाला. हात मात्र मागे राहिला.

चाळीस वर्षे त्यांनी गुरुवारच्या भजनाला पेटीची साथ केली होती. पेटीचे सूर उजव्या हाताने वाजतात, पण भाता डाव्या हाताने हलवावा लागतो. उजव्या हाताची पाचही बोटे तयार असूनही पेटी मुकी झाली. एके दिवशी त्यांनी ती माळ्यावर ठेवायला सांगितली. ती वर चढविणारा मीच होतो.

गेल्या दिवाळीत त्यांच्या नातीसाठी कीबोर्ड आला. क्लासमध्ये तिला एक चाल देऊन ‘हिला कॉर्ड लावून आण’ असे सांगितले होते. अण्णांना तिने विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘तीन सूर एकदम कशाला? एक नीट लागला तरी पुष्कळ.’ मग ती माझ्याकडे आली. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात मी थोडी गिटार वाजवीत असे, तेवढ्या भांडवलावर मी शिकवू लागलो.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. पांढरी एक ही पट्टी सा मानली, तर सातही शुद्ध स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. एक स्वर घ्यावा, पुढचा सोडावा, त्यापुढचा घ्यावा, पुन्हा एक सोडून पुढचा घ्यावा. सा-पासून असे केले की सा-ग-प ही कॉर्ड मिळते, म-पासून म-ध-सा आणि प-पासून प-नी-रे. या तीन कॉर्डांमध्ये मिळून सातही स्वर येऊन जातात. म्हणजे शुद्ध स्वरांतील चालीच्या कोणत्याही स्वराला या तिघींपैकी एकीत तरी घर असते. ग राहतो सा-च्या कॉर्डमध्ये, म आणि ध म-च्या, रे आणि नी प-च्या. सा आणि प यांना मात्र दोन-दोन घरे आहेत. तेथे निवड कानाने करावी.

नवशिक्याची चूक ठरलेली असते. तो प्रत्येक स्वराखाली एक कॉर्ड ठेवतो, आणि चाल धापा टाकू लागते. मी नातीसाठी चार-चार मात्रांची एक साधी चाल बांधली: सा ग प ग, म ध प म, रे ग रे नी, आणि शेवटी लांब सा. यातील नी मंद्र सप्तकातला, सा-च्या लगेच खालचा. पहिल्या विभागाचे सर्व स्वर सा-च्या कॉर्डमधले आहेत. दुसऱ्यात म आणि ध सांगतात की येथे म-ची कॉर्ड हवी. त्यांच्यामधला प वाटसरू आहे, त्याच्यासाठी दार उघडायचे कारण नाही. तिसऱ्यात रे आणि नी प-ची कॉर्ड मागतात, ग येऊन-जाऊन असतो. शेवटी पुन्हा सा. सोळा मात्रांना चार कॉर्ड पुरतात. विभागाच्या पहिल्या, जोरकस मात्रेवर कोणता स्वर आहे ते आधी पाहावे. चाल संपताना प-च्या कॉर्डवरून सा-च्या कॉर्डवर आले की घरी परतल्यासारखे वाटते, कारण प-च्या कॉर्डमधला नी सा-कडे ओढ घेतो.

अण्णा हे सारे खुर्चीतून ऐकत होते. ‘हे आपले संगीत नव्हे,’ ते म्हणाले. मी त्यांना आठवण दिली की शंकर-जयकिशन यांची जी गाणी ते जन्मभर गुणगुणत आले, त्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा यांची असे. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या अशा वादकांनी मुंबईच्या चित्रपटगीतांत हा स्वरमेळ आणला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यापैकीच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. अण्णांचा खरा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागला. त्यांचा आवडता भूप घेतला, तर त्यात म आणि नी वर्ज्य. म-ची किंवा प-ची कॉर्ड वाजविली की रागाच्या अंगणात परके पाऊल पडते. तेथे सा-ग-प आणि फार तर ध-सा-ग, एवढ्यावरच भागवावे.

वाद घालता घालता त्यांचा उजवा हात पट्ट्यांवर गेला होता. कीबोर्डला भाता नसतो, हे मला त्या क्षणापर्यंत सुचले नव्हते. डॉक्टर म्हणवून घेणाऱ्या माणसाला याची लाज वाटावी.

डाव्या हातासाठी एक सोय आहे. दर वेळी कॉर्ड मूळ स्वरापासून उचलण्याची गरज नसते. सा-ग-प धरलेल्या हाताची करंगळी सा-वरच ठेवून बाकीचे दोन स्वर एकेक पट्टी वर नेले, की सा-म-ध होते. ती म-चीच कॉर्ड. उलट अंगठा प-वर ठेवून बाकीचे दोन एकेक पट्टी खाली आणले, की नी-रे-प, ती प-ची. अण्णांची मधली बोटे अजून हुकूम मानीत नाहीत, म्हणून आम्ही मधला स्वर गाळला. उरले सा-प, सा-ध, नी-प. करंगळी आणि अंगठा, एका वेळी एकाच पट्टीची हालचाल. पहिल्यांदा सा-प वाजले तेव्हा ते म्हणाले, ‘अरे, हा तर तानपुरा!’ आणि भूपाला तेवढेच पुरते.

घरी असा रुग्ण असेल तर काही सांगावेसे वाटते. हे फिजिओथेरपीऐवजी नव्हे, तिच्या जोडीने करावे आणि आधी थेरपिस्टला विचारावे. एकच अर्थपूर्ण हालचाल पुनःपुन्हा करणे हाताला उपयोगी पडते. पण खांदा सैल असेल तर कोपराखाली उशी हवी, आणि बोटे आखडू लागली किंवा दुखू लागली की थांबावे. आम्ही दहा मिनिटे सकाळी आणि दहा संध्याकाळी ठेवली. एका बोटात अख्खी कॉर्ड वाजविणारी सोय बहुतेक कीबोर्डांत असते. गाणाऱ्याला ती ठीक. आम्ही ती बंद ठेवली.

अण्णांचा हात पूर्वीसारखा होईल असे मी त्यांना सांगितलेले नाही, त्यांनीही विचारलेले नाही. शर्टाची बटणे अजून वहिनीच लावतात. पण रोज संध्याकाळी ती सोळा मात्रांची चाल वाजते. तिसऱ्या विभागाशी आल्यावर अंगठा ध-वरून प-वर आणि करंगळी सा-वरून नी-वर यायला वेळ लागतो. तोवर उजवा हात रे धरून थांबतो.