उन्हाळा तापला की कृषिपंपाची वीज का अडते?

विहिरीत पाणी आहे, पण व्होल्टेज नाही. डीपी जळाली, पण बदलून मिळायला वेळ लागतो. उन्हाळ्यात ही तक्रार गावोगावी ऐकू येते. देखभालीतल्या त्रुटी यामागे असतातच, पण आता त्यांना बदलत्या हवामानाची जोड मिळाली आहे. पाण्याच्या पाळ्या ठरवताना हा बदल समजून घेणे गरजेचे आहे.

मागणी कुठे वाढते?
३० मे २०२४ रोजी, उष्णतेच्या लाटेत, देशातील विजेची कमाल मागणी सुमारे २ लाख ५० हजार मेगावॉटवर पोहोचली. याच काळात उन्हाळी भुईमूग, ऊस आणि फळबागांनाही जास्त पाणी लागते. रात्रीही उकाडा राहिल्याने कूलर, एसी बंद होत नाहीत. तापलेल्या रोहित्राला थंड व्हायला उसंत मिळत नाही. तापलेल्या तारा खाली झोळतात आणि त्यांची भार वाहण्याची क्षमताही घटते.

निर्मितीलाही पाणी लागते
कोळशावरील वीज केंद्रांना वाफ आणि थंडाव्यासाठी पाणी हवे असते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. कोयनेसारखा जलविद्युत प्रकल्प मागणी वाढताच झटपट वीज देतो. मात्र पाऊस कमी झाला की वीज आणि सिंचन दोघांनाही त्याच साठ्यातून वाटा हवा असतो. म्हणजे पिकाला पाण्याची सर्वाधिक गरज असते, तेव्हाच वीज यंत्रणाही अडचणीत असते.

सौर वाहिनीचा फायदा आणि मर्यादा
संध्याकाळी सौरऊर्जा थांबते आणि घरगुती मागणी चढते. त्यामुळे शेतीचा भार दिवसा वळवणे यंत्रणेच्या सोयीचे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चा हेतू तोच आहे. रात्री साप-बिबट्याच्या भीतीत बारे देण्यापासून सुटका, हा तुमचा मोठा फायदा.

मर्यादाही ओळखा. पॅनेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर ही घट १२ ते १६ टक्के होते. ढगाळ दिवशी ती याहून जास्त असते. शिवाय सौर वाहिनी मुख्य जाळ्याला जोडलेली असते. वादळात खांब पडले, तर ऊन असूनही पंप बंद राहतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड भागात विजेचे असंख्य खांब पाडले होते. स्वतंत्र सौर पंपाला मात्र जाळ्याची गरज नसते.

आता काय कराल?
- ऑटोस्विच काढा. वीज येताच सगळे पंप एकदम सुरू झाले, तर रोहित्रावर झटका बसतो.
- पंपाच्या एचपीनुसार योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवा.
- एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनी पंप चालवण्याच्या वेळा आपसात वाटून घ्या.
- भर उन्हात मोकळे पाणी दिल्यास बाष्पीभवन वाढते. दिवसा वीज असेल, तर ठिबक आणि आच्छादन वापरा.
- शक्य असल्यास शेततळ्यात किमान एका पाळीचे पाणी साठवा.

कृषी सहायकांनी मार्चपूर्वीच रोहित्रनिहाय पंपांची संख्या आणि एकूण एचपी लिहून घ्यावी. भार क्षमतेपेक्षा जास्त असेल, तर ग्रामसभेचा ठराव जोडून क्षमतावाढीची मागणी करता येते. रोहित्र जळाल्यानंतर केलेला अर्ज वाळलेले पीक परत आणत नाही. विहिरीची पातळी पाहून उन्हाळी पिकाचे क्षेत्र ठरवता, तसे यापुढे रोहित्राची क्षमता पाहूनही ठरवा.