कोयोटाचे वैरी

एखाद्या प्राण्यास एकदा ‘चोर’ म्हटले, की पुढे त्याच्या वधास पुराव्याची गरज उरत नाही. अमेरिकेतील कोयोट ह्या प्राण्याची कथा अशीच आहे. हा आपल्या कोल्ह्याचा जवळचा भाऊबंद; अंगाने कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान. त्याचे नाव मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतून आले, आणि शास्त्रीय नामकरण टॉमस से ह्यांनी १८२३ साली केले. तेथील मूळ रहिवाशांच्या कथांत तो कधी जगाच्या घडणीत हात लावणारा, तर कधी स्वतःच्याच कपटात सापडणारा लबाड. गोऱ्या वसाहतवाल्यांस मात्र त्याच्यात केवळ मेंढीचोर दिसला. मार्क ट्वेन ह्यांनी १८७२ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याची यथेच्छ टवाळी केली. विनोदी लेखकास ते क्षम्य आहे. परंतु सरकारने तीच टवाळी धोरण म्हणून उचलावी, हे आम्हांस क्षम्य वाटत नाही.

१९३१ साली राष्ट्राध्यक्ष हूव्हर ह्यांच्या सहीने जो कायदा झाला, त्यात उपद्रवी जनावरांच्या संहारासाठी दहा वर्षांत एक कोटी डॉलर खर्चण्याची योजना होती. स्ट्रिक्निन, थॅलियम, ‘१०८०’ नावाचे जहर, सापळे, बंदुका, पुढे विमानेही, काहीच वर्ज्य नव्हते. १९७२ साली निक्सन ह्यांनी सरकारी जमिनींवर अशा विषप्रयोगास मनाई केली. १९८२ साली रेगन ह्यांनी तो हुकूम मागे घेतला. ह्या सर्व खटाटोपाचे फळ काय? लांडगा बहुतेक प्रदेशांतून नाहीसा झाला. पण एके काळी पश्चिमेच्या माळरानांचा रहिवासी असलेला कोयोट अटलांटिक किनाऱ्यापर्यंत पोहोचला. आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात तो आहे; दक्षिणेस पनामाही त्याने गाठला आहे. लांडग्यांनी सोडलेली जागा त्यास मिळाली, हेही एक कारण.

दुसरे कारण त्याच्या कुटुंबव्यवस्थेत आहे. सामान्यतः कळपातील एकच जोडपे प्रजोत्पादन करते. ते मारले, की बाकीच्या माद्यांस वाट मोकळी होते; संख्या घटली, की शिल्लक राहिलेल्यांस अन्न मुबलक मिळते व अधिक पिले जगतात. १९७५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील अभ्यासकांनी गणित मांडून दाखविले, की प्रतिवर्षी शेकडा ७५ कोयोट मारत राहिले, तरी निःपातास पन्नासहून अधिक वर्षे लागतील. हे गणित हाती असूनही २०२१ साली केंद्रीय शेतीखात्याच्या एका शाखेने सुमारे ६४ हजार कोयोट मारले. ह्यास धोरण म्हणावे की नवस?

मेंढपाळाचे नुकसान खोटे आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याची मेंढी गेली, त्याला जीवशास्त्राचे धडे देणे हा शहरी उर्मटपणा होय. परंतु कॅलिफोर्नियातील मेंढवाड्यांवरील अभ्यासात असे आढळले, की मेंढ्यांवर मुख्यतः त्याच भागात ठाण मांडलेली प्रजननक्षम जोडपीच हल्ला करतात. मग सरसकट संहाराने गुन्हेगार सापडतो की निरपराधी? राखणीचे कुत्रे व चांगले कुंपण ह्यांवर पैसा खर्चणे अधिक शहाणपणाचे नव्हे काय?

आता दुसऱ्या टोकाचे भक्त पाहा. शहरात ते कोयोटास खाऊ घालतात, त्याची माणसांविषयीची भीड मोडतात, आणि तो दारात आला की त्याच्या नावाने ओरडतात! शिकागो परिसरात २००० सालापासून चाललेल्या संशोधनात त्याच्या विष्ठेत बहुधा उंदीर, फळे, हरणे व ससे ह्यांचे अवशेष सापडले. मांजरांचे अगदी क्वचित. म्हणजे अन्न शोधण्यास तो समर्थ आहे. त्याच शहरात २००७ साली एक कोयोट भरदिवसा खाद्यपदार्थांच्या दुकानात शिरला आणि थंड पेयांच्या कपाटात जाऊन पडला. माणसे छायाचित्रे घेत उभी राहिली; पकडून नेईपर्यंत त्याने कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही.