घरसंसार : बादलीला हात लावला की मुंग्या का येतात?



गेल्या हिवाळ्यात चार दिवस ताईकडे मुक्कामाला होतो. खालापूर तालुक्यात, खोपोलीपासून जवळच बौद्धवाडीत तिचे घर आहे. पुढे कौलारू दोन खोल्या, भावोजी कारखान्यात कामाला असताना बांधलेल्या. मागे आता भाच्याने स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नव्याने काढायला घेतले आहे, वर स्लॅब. सकाळी सूनबाईने अंघोळीचे पाणी तापवायला बादलीत रॉड सोडला आणि ती पायात रबरी चपला घालूनच न्हाणीच्या दारात उभी राहिली. मी सहज विचारले, तर म्हणाली, "चप्पल नसली की बादलीला हात लावताना मुंग्या येतात, मामा. पावसाळ्यात जरा जास्तच. आता सवय झालीय आम्हाला."

मुंग्यांपेक्षा त्या सवयीचीच मला भीती वाटली. घरातल्या पाचही माणसांनी चप्पल हा उपाय म्हणून स्वीकारला होता. भिजलेली चप्पल, ओली फरशी आणि लोखंडी बादली, एवढ्यावर एक संसार रोज सकाळी उभा होता.

त्यात भाच्याचा बेत असा की जुन्या बोर्डातूनच वायर पुढे ओढायची. "एका दिवसाचं काम आहे मामा, वायरमनला कशाला पैसे द्यायचे?" आपल्या बहुतेक घरांत असेच होते. खोली वाढते, माणसे वाढतात, मिक्सर येतो, फ्रिज येतो, आणि तीच जुनी तार एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला ओढली जाते. घर नवे दिसते. पण नव्या घराचा सगळा भार जुन्या घराच्या खांद्यावर असतो.

या मुलखाची गंमत पाहा. ताईच्या वाडीतून घाटाच्या कड्यावरून उतरणारे टाटांच्या वीजघराचे मोठाले नळ दिसतात. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी खाली आणून खोपोलीला १९१५ साली वीज तयार होऊ लागली. पलीकडे कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. ती वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांना गेली. आपली माणसे त्याच गिरण्यांत त्याच विजेवर पाळ्या भरत होती आणि सणाला गावी आली की चिमणीच्या उजेडात जेवत होती. डॉ. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी, देशाला गरिबीतून बाहेर काढायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी वीज स्वस्त व मुबलक हवी, असे मांडले होते. इतक्या उशिराने, इतक्या लांबून घरात आलेल्या या विजेला आपण चपलेच्या भरवशावर सोडावे, हे काही मला पटले नाही. असो.

कर्जतहून ओळखीचा एक वायरमन बोलावला. तारतंत्रीचा कोर्स केलेला, परवाना असलेला, पन्नाशीचा माणूस. त्याने आधी पक्कड काढलीच नाही. मेन बंद करून त्याने पाऊण तास फक्त घर पाहिले, आणि मग आम्हाला बोर्डामागे बोलावले. अर्थिंगची तार बोर्डातून निघून पाण्याच्या नळापर्यंत गेली होती. पूर्वी तो लोखंडी पाइप जमिनीतून येत असे, म्हणून कुणी तरी त्यालाच अर्थिंग मानले होते. चार वर्षांपूर्वी भाच्याने तो पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकला. त्या दिवसापासून या घराला अर्थिंगच नव्हते. तार होती, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. रॉडमधून थोडी वीज झिरपत होती आणि जमिनीत जायला तिला वाट मिळत नव्हती, म्हणून ती सूनबाईच्या हातातून वाट काढत होती. मुंग्या म्हणजे हेच.

दुसरा दोष तारेचा. जुन्या दोन खोल्यांत लाकडी पट्टीवर ॲल्युमिनियमची तार होती. त्या काळी तांबे दुर्मिळ आणि महाग, म्हणून कित्येक घरांत अशीच तार टाकली गेली. बारा वर्षांपूर्वी पडवीत दिवा घेताना कुणी तरी तिला तांब्याची तार पीळ देऊन जोडली आणि वर काळी पट्टी गुंडाळली. या दोन धातूंचा असा जोड दमट हवेत टिकत नाही. तो आतून खराब होतो, सैल पडतो, सैल पडला की तापतो. आपल्याकडे चार महिने कौलांतून ओल उतरते, त्यात उंदीर आणि चुलीचा धूर. पट्टी सोडली तर आतले आवरण काळे पडून बिस्किटासारखे तुटत होते.

आता भाच्याच्या बेताकडे वळू. रॉड १५०० वॅटचा, इंडक्शनची शेगडी २००० वॅटची. वॅटला २३० ने भागले की अँपिअर निघतात : रॉडचे साडेसहा, शेगडीचे पावणेनऊच्या आसपास. सकाळी दोन्ही एकदम चालणार, म्हणजे पंधरा अँपिअरहून जास्त, आणि तेही त्या कुजलेल्या जोडावरून. भाच्याने विचारले, "फ्यूज जाईलच की मग?" वायरमनने फ्यूजची भोंगळी उपसून दाखवली. कधी तरी वारंवार फ्यूज जातो म्हणून त्यात तारेचे दोन पदर घातले होते. फ्यूज काय किंवा आजचा एमसीबी काय, तो भिंतीतल्या तारेचा राखणदार असतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर सहा किंवा दहा अँपिअरचा, अडीचवर सोळाचा, गिझरसाठी चारची तार घेतली तर वीसचा, असा मेळ घालावा लागतो. तार जुनीच ठेवून एमसीबी मोठा बसवणे म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणे.

मग ठरले ते असे. सगळे घर एकदम उघडायला पैसे नव्हते आणि तशी गरजही नव्हती. पुढच्या दोन खोल्यांच्या तारा वायरमनने ५०० व्होल्टच्या मेगरने तपासल्या. आवरणाचा अवरोध एक मेगओहमच्या खाली आला की ती तार ठेवायची नाही, हा त्याचा नियम. माजघराची तार पास झाली, पडवीची नापास. माजघरात फक्त दिवे आणि पंखे ठेवले, तिथले प्लग काढून टाकले आणि त्या लाइनला सहा अँपिअरचा एमसीबी दिला. पडवीची पट्टी पूर्ण उखडली. मागच्या नव्या बांधकामाला जुन्या घरातून काहीच घेतले नाही. मीटरजवळ नवा डबा बसवून तिथून स्वयंपाकघराची एक लाइन, न्हाणीघराची एक लाइन, स्वतंत्र फेज आणि स्वतंत्र न्यूट्रल, सोबत हिरवी अर्थची तार, सगळे तांब्याचे. मधे कुठेही जोड नाही. कौलारू भागात मातीची भिंत फोडण्याच्या भानगडीत न पडता प्लॅस्टिकच्या पट्टीतून तार नेली. दिसायला तितके सुबक नाही, पण उद्या दोष आला तर झाकण काढून पाहता येते. न्हाणीघरात प्लगच ठेवला नाही. गिझरचा स्विच दाराबाहेर. भार वाढणार म्हणून वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवण्याचा अर्जही केला. मेन बंद केला तरी मीटरच्या अलीकडच्या तारेत वीज असतेच, म्हणून तिथे कुणीही हात घालू नये. ते काम कंपनीच्या माणसाचे.

सर्वांत जास्त वेळ अर्थिंगने खाल्ला. कर्जत-खालापूरची जमीन पावसाळ्यात लोण्यासारखी, पण हातभर खाली काळा कातळ. घरापासून दीड मीटर सोडून अडीच मीटरचा पाइप उभा गाडायचा, तर चार फुटांवर पहार खणखणली. शेवटी न्हाणीचे सांडपाणी जिथे मुरते तिथे माती खोल सापडली. तिथे एक आणि दूर अंतरावर दुसरा असे दोन खड्डे घेतले, कोळसा-मीठ भरले आणि दोन्ही पाइप पट्टीने जोडले.

एवढे करूनही वायरमन म्हणाला, "याच्यावर विसंबू नका." त्याचे गणित इथे मुद्दाम देतो, कारण कातळाच्या मुलखात राहणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावे. समजा एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली आणि अर्थिंगचा अवरोध वीस ओहम झाला. उपकरणाच्या पत्र्याला फेज चिकटला, तर २३० भागिले वीस, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. सोळा अँपिअरचा एमसीबी त्याला हलणारसुद्धा नाही! पत्रा तसाच जिवंत राहील आणि घरच्यांना वाटेल, अर्थिंग आहे, एमसीबी आहे, मग भीती कसली? म्हणून आरसीसीबी हवा. आत गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांतल्या तीन भागांचा, फरक पडला की तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडतो. अर्थिंग असले तर माणसाचा हात लागण्याआधीच तोडतो, नसले तर हात लागल्यावर. म्हणून दोन्ही हवेत, आणि तार तापू नये यासाठी एमसीबीही हवाच. आरसीसीबी ते काम करत नाही.

काम संपले आणि पहिल्याच संध्याकाळी अंगणातला दिवा लावला की आरसीसीबी पडू लागला. तीनदा पडला. भाचा वैतागून म्हणाला, "डायरेक्ट करून टाकू मामा, उद्या बघू." पुष्कळ घरांत आरसीसीबी इथेच मरतो; तो भिंतीवर असतो, पण त्याला वळसा घालून वीज गेलेली असते. वायरमनने दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस घालवून कारण शोधले. अंगणातल्या दिव्याचा फेज नव्या डब्यातून होता, पण न्यूट्रल जुन्या माजघरातून उसना घेतलेला. एकीकडून गेलेली वीज दुसरीकडून परतत होती, मग हिशेब कसा जुळणार? अर्धवट वायरिंग बदलताना हा घोटाळा हमखास निघतो. तुमच्याकडे असे झाले तर उपकरणाला दोष देऊ नका आणि वळसा तर मुळीच घालू नका. उसना न्यूट्रल शोधा.

रॉड मात्र भावोजींनी टाकू दिला नाही, "दुरुस्त होईल" म्हणून माळ्यावर ठेवला होता. नव्या प्लगमध्ये तो लावून पाहिला, तर बटण दाबताच आरसीसीबी खाली. तेव्हा कुठे भावोजींनी स्वतःच्या हाताने त्याची वायर कापली.

आता दर महिन्याच्या एक तारखेला सूनबाई आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून पाहते. बटण दाबून तो पडला नाही, तर बदलायचा. मार्चपासून पाऊस येईपर्यंत दुसऱ्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतण्याचे काम भावोजींकडे आहे. पहिल्याला न्हाणीचे पाणी मिळतेच. माजघराची जुनी पट्टी दिवाळीनंतर काढायची आहे. तोवर तिथे इस्त्री लावायची नाही, असे नातीने पाटीवर लिहून भिंतीला टांगले आहे.