एक लिहिलेलं, एक कोरं

ऑगस्ट उजाडला की शाळाशाळांमधून जवानांसाठी कार्डं तयार व्हायला लागतात. पांढरा कार्डशीट, वर तिरंगा, कडेला बंदूकधारी जवानाची काळी आकृती, चमकीनं भरलेली अक्षरं आणि आत एकच ओळ, वीर जवानांना सलाम करणारी. चाळीस मुलांच्या वर्गातून चाळीस कार्डं निघतात आणि चाळिसांतही मजकूर तोच असतो, कारण तो बाईंनी फळ्यावर लिहून दिलेला असतो. राख्यांच्या पाकिटांबरोबर गठ्ठा रवाना होतो, पेपरात फोटो येतो आणि विषय पुढच्या ऑगस्टपर्यंत मिटतो.

मुलांच्या भावनेत खोट नाही आणि शिक्षकांच्या मेहनतीतही नाही. पण हे कार्ड हातात पडणाऱ्या माणसाचा विचार त्यात फारच कमी असतो. सलाम त्याला रोज मिळतो. त्याच्याकडे नसतं ते घरचं, गल्लीतलं, रोजच्या जगण्यातलं काहीतरी. इंदूरच्या विजय नगरमधल्या मुलांनी, त्यांच्या आईबाबांनी आणि आजी-आजोबांनी ते द्यावं. आणि शक्य असेल तर एकाऐवजी दोन कार्डं पाठवावीत, एक लिहिलेलं आणि एक कोरं.

इंदूरकरांना जवान परका नाही. विजय नगरहून गाडी काढली तर तासाभरात महू येतं. ६ जानेवारी १८१८ रोजी होळकर आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात मंदसोरचा तह झाला, त्यानंतर तिथे छावणी वसली. आज इन्फन्ट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि लष्करी दूरसंचार अभियांत्रिकीचं महाविद्यालय, या तिन्ही संस्था महूतच आहेत. पायदळातल्या किती तरी जवानांच्या आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची वाट इथून जाते. सुभेदार रामजी सकपाळ इथल्याच लष्करी शाळेत शिकवत होते आणि त्यांचे धाकटे चिरंजीव भीमराव १४ एप्रिल १८९१ रोजी इथेच जन्मले. पुढे १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचं केंद्र आज मध्य प्रदेशातच, सागरला आहे. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना शेजारच्या बाकावर सुट्टीवर आलेला एखादा जवान बसलेला असू शकतो, इतकं हे जवळचं आहे. तरीही आपली मुलं कार्डावर त्याला हिमशिखरावरचा पुतळा करून टाकतात.

मग लिहायचं काय? विजय नगर लिहायचं. चौराह्यावर मेट्रोच्या खांबांमुळे बाबांना रोज कसा उशीर होतो, एबी रोडवरच्या बीआरटीएसच्या जाळ्या निघू लागल्यावर रस्ता कसा ओळखू येईनासा झाला, मेघदूत उपवनात आजोबा कुठल्या बाकावर बसतात. रंगपंचमीच्या गेरमध्ये राजवाड्यासमोर रंगाची तोफ उडाली तेव्हा कोणाचा चष्मा हरवला. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या बघायला कोण कोणाच्या खांद्यावर बसलं होतं. सकाळी पोह्यांवर शेव किती घालायची यावरून घरात होणारं भांडणसुद्धा चालेल. माळव्यातल्या एखाद्या गावातून भरती झालेल्या मुलाच्या हाती असं कार्ड पडलं तर त्याला गावाची बातमी मिळेल. तो नागालँडचा किंवा केरळचा असेल, तर त्याला एक अनोळखी घर आतून बघायला मिळेल.

मुलं आणि मोठी माणसंही इथे अडखळतात. इतकं साधं लिहिलेलं कोणाला आवडेल, अशी धास्ती असते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात आला होता. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज आधीच विचारून ठेवला. लिहिणाऱ्यांचा अंदाज चुकला. पत्र मिळालेल्यांना वाटलं त्याहून जास्त आनंद झाला आणि अवघडल्यासारखं फार कमी झालं. लिहिणारा शब्दांच्या अचूकपणाची काळजी करत राहतो, वाचणाऱ्याला मात्र त्यातली ऊब भिडते. तेव्हा फळ्यावरचा मजकूर पुसावा आणि मुलांना त्यांच्या मोडक्यातोडक्या वाक्यांवर सोडावं. खाडाखोड झाली तरी राहू द्यावी.

इंदूरच्या मराठी घरांपुढे यात आणखी एक संधी आहे. इथली मुलं आजीशी मराठीत बोलतात, शाळेत हिंदी-इंग्रजी लिहितात आणि मराठी लिहायची वेळ आली की कागद आईकडे सरकवतात. कारण मराठीत लिहून पाठवावं असं कोणी त्यांना दिसत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं सागरला. या पलटणींमध्ये मराठी वाचणारे जवान आहेत. त्यांच्यासाठी चार ओळी मराठीत लिहायच्या असतील, तर नातवाला आजीपाशी बसून ‘जिलबी’ची वेलांटी विचारण्याचं खरंखुरं कारण मिळेल. इतर पलटणींना हिंदीत लिहावं. दोन्ही भाषा येणाऱ्या मुलांना हे अवघड नाही.

भेट पाठवताना घेणाऱ्याचा विचार करण्याचं एक जुनं उदाहरण १९१४ चं आहे. पहिल्या महायुद्धातल्या पहिल्या नाताळात इंग्लंडच्या सतरा वर्षांच्या राजकन्या मेरीच्या नावानं निधी उभा राहिला आणि सैनिकांना पितळी डबी गेली. आत तंबाखू, सिगारेटी आणि शुभेच्छांचं कार्ड. हिंदी पलटणी तेव्हा फ्रान्सच्या थंडीत खंदकांमध्ये होत्या. तिथल्या शिखांसाठी तंबाखू काढून खडीसाखर आणि मसाल्यांची डबी ठेवली गेली. साम्राज्याच्या हिशेबांत या माणसांचं मोल काय होतं हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण डबी भरणाऱ्या कोणीतरी ती उघडणाऱ्याचं तोंड डोळ्यांसमोर आणलं होतं, एवढं खरं.

आता कोऱ्या कार्डाबद्दल. अमेरिकेत २००७ ते २०१५ या काळात ‘ऑपरेशन राइट होम’ नावाचा उपक्रम चालला. हातानं कार्डं बनवणाऱ्या छंदिष्ट बायका त्यात मोठ्या संख्येनं होत्या. त्यांनी सैनिकांना ३० लाखांहून जास्त कार्डं पाठवली आणि त्यांतली बहुतेक आतून कोरी होती. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, ‘तुझी आठवण येते’, बाळाचं आगमन असे विषय बाहेर आणि आतली जागा सैनिकासाठी मोकळी. त्यानं ते उचलायचं आणि आपल्या बायकोला, आईला, लेकीला लिहायचं. सोबत मुलांच्या हातची लिहिलेली कार्डंही जात, ती त्याच्यासाठी.

ही कल्पना आपल्याकडे यायलाच हवी. चौकीवर कार्डाचं दुकान नसतं. लेकीचा पाचवा वाढदिवस आहे आणि बाप लडाखमध्ये आहे, तर फुलपाखरू चिकटवलेलं कार्ड तो कुठून आणणार? विजय नगरच्या एखाद्या मुलीनं ते करून पाठवलं, तर बाप त्यात दोन ओळी लिहील आणि ते साताऱ्याला, सिवानला किंवा सेंधव्याला जाईल. सलाम घेऊन येणारं कार्ड जवानाला प्रेक्षकांकडून मिळतं. कोरं कार्ड त्याच्यातल्या बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या उपयोगी पडतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात कोण लिहितो, असं कोणी म्हणेल. फोनमुळे खूप सोय झाली हे नाकारायचं कारण नाही. पण पुढच्या चौक्यांवर प्रत्येक वेळी रेंज असते असं नाही, आणि असली तरी फोन वापरण्यावर सुरक्षिततेची बंधनं असतात. जुलै २०२० मध्ये लष्करानं जवानांना आणि अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप फोनमधून काढून टाकायला सांगितली होती. २०१६ च्या दिवाळीत पंतप्रधानांच्या आवाहनावरून जवानांना लाखो डिजिटल शुभेच्छा गेल्या. तो उपक्रम चांगलाच होता, पण मोबाइलवरचा संदेश बंकरच्या भिंतीला टाचता येत नाही आणि लेकीला वहीत जपून ठेवता येत नाही.

उत्साह असूनही कार्डं अडतात ती पत्त्यापाशी. ‘सीमेवरील जवान, जम्मू-काश्मीर’ असं लिहून पाकीट पेटीत टाकणं म्हणजे टपालखात्याला कोडं घालणं. जवानाच्या पत्त्यावर ठिकाण नसतंच. नाव, हुद्दा, क्रमांक, युनिट आणि ‘द्वारा ५६ एपीओ’ किंवा पूर्वेकडे ‘द्वारा ९९ एपीओ’, एवढंच. युनिट आज कुठे आहे हे आर्मी पोस्टल सर्व्हिसला ठाऊक असतं, पाठवणाऱ्याला ते कळायची गरज नाही. टपालखात्यातली माणसं या दलात प्रतिनियुक्तीवर वर्दी घालून काम करतात. १ मार्च १९७२ रोजी हे दल स्वतंत्र कोअर झालं आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिन कोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतातले कवी आणि नाटककार होते, आणि दळणवळण मंत्रालयात वरिष्ठ अधिकारी होते. देशभरातल्या भौगोलिक विभागांसाठी त्यांनी आठ अंक वापरले आणि नववा लष्करी टपालासाठी ठेवला. म्हणून जवानाच्या पत्त्यातला पिन ९ नं सुरू होतो. मुलांना कार्ड करायला बसवताना ही गोष्ट जरूर सांगावी. इंदूरच्या मुलांना छप्पन म्हटलं की छप्पन दुकान आठवतं, त्यांना हे दुसरं छप्पनही कळेल.

बिननावाचं टपाल का चालत नाही, याचा धडा अमेरिकेला २००१ मध्ये मिळाला. तिथे कोणाही सैनिकाच्या नावे पत्र पाठवायची जुनी सोय होती. टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली आणि ती सोय बंद करावी लागली. आपल्यालाही नाव किंवा युनिट हवं. त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. विजय नगरच्या कोणत्याही मोठ्या सोसायटीत एखादं निवृत्त फौजी कुटुंब किंवा ज्यांचा मुलगा सैन्यात आहे असं घर सापडतं. त्या काकांना आधी विचारावं. शाळेचा एखादा माजी विद्यार्थी सैन्यात असेल तर त्याच्या युनिटला लिहावं. नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहेच. त्यांनी सुचवलेल्या वाटेनं एकगठ्ठा कार्डं एका युनिटला पाठवली की ती वाटली जातात. युनिटचा पत्ता मात्र ग्रुपवर फिरवू नये, आणि गठ्ठ्याचा फोटो टाकताना पाकिटाची पुढची बाजू त्यात येऊ देऊ नये. परतीचा पत्ता शाळेचा किंवा मंडळाचा घालावा, मुलाच्या घरचा नको.

बनवण्यातही थोडा विचार लागतो. चमकी नको. ‘ऑपरेशन राइट होम’वाल्यांनी ती सरळ बंदच केली होती. कण हाताला, चेहऱ्याला, वर्दीला चिकटतात, धुऊनही निघत नाहीत आणि अंधारात प्रकाश पडला की चमकतात. मणी आणि टिकल्याही नकोत, शिक्का मारताना पाकीट फाटतं. ए४ आकाराचा जाड कागद आधी अर्धा कापावा आणि मग दुमडावा, म्हणजे कार्ड साध्या पाकिटात बसतं आणि जवानाच्या खिशातही. घडीच्या रेषेवर आधी पट्टी धरून चमच्याच्या टोकानं दाबून घेतलं की घडी स्वच्छ पडते, कागद फुटत नाही. पोस्टर कलरचा जाड थर वाळल्यावर तडकतो, त्याऐवजी रंगीत पेन्सिल किंवा कागदाचे तुकडे बरे. पावसाळ्यात फेव्हिकॉल पातळ लावावा आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवावं, नाही तर कार्ड चंद्रकोरीसारखं वाकतं.

साहित्य विकत आणायची गरज नाही. विष्णु चिंचाळकर गुरुजींच्या गावात तरी हे सांगावं लागू नये. कलाशिक्षक देवळालीकरांच्या तालमीत तयार झालेले हे चित्रकार सुकलेली पानं, काटक्या, फाटके कागद यांतून चेहरे आणि प्राणी उभे करायचे आणि मुलांनाही ते बघायला शिकवायचे. स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं येणाऱ्या शहरात घराघरांतून सुका कचरा वेगळा निघतो, त्यात लग्नाच्या पत्रिका किती असतात बघा. जाड कागद, सोनेरी नक्षी, कापून घेतलं तर उत्तम कार्ड. कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकेतून दुसऱ्या कोणाच्या लग्नाच्या वाढदिवसाचं कार्ड होऊ शकतं.

सातत्याचं उदाहरण हवं असेल तर अनुराधा प्रभुदेसाई यांचं बघावं. २००४ मध्ये त्या कारगिल-द्रासला गेल्या, तिथे जे पाहिलं त्यानं अस्वस्थ झाल्या आणि पुन्हा पुन्हा जात राहिल्या. पुढे त्यातून ‘लक्ष्य फाउंडेशन’ उभं राहिलं. महाराष्ट्रातल्या साध्या नागरिकांना त्या जवानांच्या भेटीला घेऊन जातात. प्रत्येकाला तिथवर जाणं जमणार नाही, पण दरवर्षी त्याच युनिटला लिहिणं जमण्यासारखं आहे. तिसऱ्या वर्षी मुलांच्या कार्डात ‘मागच्या वेळी सांगितलं होतं ना’ अशी वाक्यं यायला लागतील. उत्तर येईलच असं नाही आणि त्याची अट तर मुळीच घालू नये.

यासाठी ऑगस्टपेक्षा गणेशोत्सव सोयीचा. इंदूरच्या मराठी मंडळांत आणि विजय नगरच्या सोसायट्यांत तेव्हा मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतातच. त्यातली एक संध्याकाळ काढावी आणि क्रमांक, बक्षीस काही ठेवू नये. एका टेबलावर लिहिलेली कार्डं, दुसऱ्यावर कोरी, आणि प्रत्येक कोऱ्या कार्डाला त्याच्या मापाचं एक रिकामं पाकीट जोडलेलं. कोऱ्यांत मराठी, हिंदी, तमिळ, पंजाबी अशा भाषांमध्ये ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ लिहिलेली असावीत. विजय नगरमध्ये या भाषा बोलणारे शेजारी असतातच, त्यांच्याकडून अक्षरं गिरवून घ्यावीत. विसर्जन झालं की आठवड्याभरात गठ्ठा टपालात पडला पाहिजे, कारण वरच्या खिंडी बर्फानं बंद व्हायला लागल्या की डाक रेशन आणि औषधांच्या मागे रांगेत थांबते.